बायसल्फाइट पद्धतीने डीएनए मेथिलेशन मोजताना

बडोद्यात एम.एस्सी.च्या लघुप्रबंधासाठी एखाद्या रोगातील मेथिलेशन (डीएनएतील सायटोसिन या बेसला मेथिल गट जोडला जाणे) तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने यंत्राची चौकशी करण्याआधी आपला प्रश्न नक्की करावा. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगातील एमजीएमटीसारख्या एकाच जनुकाच्या प्रवर्तकाचे (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाचे) मेथिलेशन मोजायचे असेल, तर पायरोसिक्वेन्सिंग (छोट्या तुकड्यातील बेस क्रमाने वाचण्याची पद्धत) पुरेसे होते. कोणती स्थाने बदलली हेच ठाऊक नसेल, तर नऊ लाखांहून अधिक स्थाने एकाच वेळी वाचणारी चिप, म्हणजे ॲरे, घ्यावा.

रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घ्यावे, कारण त्याच कामासाठी वापरले जाणारे हेपॅरिन पुढे पीसीआरमध्ये (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेत) अडथळा आणते. बडोद्याच्या मे महिन्यात नमुने बर्फपेटीतूनच न्यावेत.

खरी कसोटी रूपांतरणाची असते. सोडियम बायसल्फाइटमुळे मेथिल गट नसलेल्या सायटोसिनचे युरॅसिल होते आणि पीसीआरनंतर ते थायमिन म्हणून वाचले जाते. मेथिलयुक्त सायटोसिन मात्र सायटोसिनच राहते. ही अभिक्रिया केवळ एकपदरी डीएनएवर होत असल्याने, दोन्ही पदर पूर्ण विलग झाले नाहीत, तर न बदललेले सायटोसिन मेथिलयुक्त भासते आणि रोगाचा म्हणून मिरवला जाणारा फरक प्रत्यक्षात अर्धवट रूपांतरणाचा निघतो. म्हणून प्रत्येक नमुन्यात मेथिलविरहित लॅम्डा डीएनए (लॅम्डा या जिवाणू-विषाणूचा डीएनए) थोडा मिसळावा आणि त्यातील किमान ९९ टक्के सायटोसिन बदलल्याची खात्री करावी. या प्रक्रियेत डीएनए तुटतोही. त्यामुळे पॅराफिनमध्ये जतन केलेल्या ऊतींसाठी शक्यतो दीडशे बेसजोड्यांच्या आतला तुकडा निवडावा.

प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, रूपांतरित अनुक्रमानुसार आखावेत. रूपांतरणानंतर दोन पदर एकमेकांना पूरक राहत नाहीत, हे नवख्यांच्या हमखास लक्षातून सुटते. शक्य तेथे प्रायमरमध्ये सीपीजी (सायटोसिनला लागून ग्वानिन असलेली, मेथिलेशन होणारी जागा) टाळावे आणि युरॅसिलपाशी न थांबणारे पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारे विकर) वापरावे. पूर्ण मेथिलयुक्त व मेथिलविरहित डीएनए ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के प्रमाणात मिसळून मानक वक्र काढल्यास पीसीआर मेथिलयुक्त किंवा मेथिलविरहित यांपैकी एकाच्याच प्रती जास्त काढत असेल, तर तो कल उघड होतो. माझ्या मते या वक्राविना दिलेली टक्केवारी स्वीकारू नये.

रुग्ण आणि निरोगी व्यक्तींचे नमुने एकाच चाचणी-प्लेटवर आलटून-पालटून ठेवावेत. रक्तातील मापन हे अनेक पेशीप्रकारांची सरासरी असते. संसर्गात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढले, तरी टक्केवारी सरकते, म्हणून पेशींचे प्रमाण विश्लेषणात धरावे. नेहमीच्या बायसल्फाइट पद्धतीत हायड्रॉक्सीमेथिलसायटोसिन (मेथिलयुक्त सायटोसिनचे ऑक्सिडीकृत रूप) मेथिलयुक्त सायटोसिनपासून वेगळे ओळखता येत नाही. मेंदूच्या ऊतीत त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याने तेथे हे दोन्ही वेगळे करणारी ऑक्सिडेटिव्ह बायसल्फाइटची जोडचाचणी करावी.