'बद्धकोष्ठता' लिहिताना या चुका टाळा

आरोग्यविषयक मजकुराची मुद्रितं तपासताना मला सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावा लागणारा शब्द म्हणजे बद्धकोष्ठता. एका लेखात तर तो चार तऱ्हांनी आला होता: शीर्षकात बध्दकोष्ठता, खाली बद्धकोष्टता, पुढे बध्दकोष्टता आणि शेवटच्या चौकटीत एकदाचा बरोबर. जोडाक्षरं दोन, दोन्हींत घोटाळा, म्हणून रूपं चार.

पहिला घोटाळा 'द्ध'चा. 'बन्ध्' म्हणजे बांधणे. या धातूला 'त' प्रत्यय लागला की ध् मधला हकार पुढे सरकतो: ध् चा द् होतो आणि त चा ध. शुध्–शुद्ध, बुध्–बुद्ध, युध्–युद्ध, सगळे याच चालीचे. पाणिनीच्या 'झषस्तथोर्धोऽधः' या सूत्रात त चा ध होण्याचा नियम आहे. म्हणून आधी द, मग ध. 'ध्द' मोठ्याने म्हणून पाहा, जीभ अडखळते. छापलेल्या जोडाक्षरात द च्या पोटाखाली ध लोंबतो, तिथे डोळा फसतो. शिरोरेषेला टेकलेलं अक्षर आधीचं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दुसरा घोटाळा ट की ठ. कोष्ठ म्हणजे साठवणीची जागा. कोठी त्यातूनच आली, कोठार 'कोष्ठागार'वरून आलं, आणि पोटाला आपण अजूनही कोठा म्हणतो: कोठा जड झाला, कोठा साफ झाला. हा कोठा बांधला गेला, अडला, की बद्धकोष्ठता. पण 'कोठा'त ठ आहे म्हणून मूळ शब्दातही ठ असणार, ही खूण कामाची नाही. 'अष्ट'मध्ये ट आहे, तरी मराठीत आठच झाले! खरी खूण प्रत्ययात आहे. ष् पुढे त आला तर ट होतो: दुष्ट, नष्ट, तुष्ट. थ आला तर ठ होतो: ओष्ठ, कोष्ठ. ही जोडी एकत्र पाठ करा. मराठीत तक्ता या अर्थी 'कोष्टक' ट ने लिहायची सवय आहे. माझ्या मते बऱ्याच जणांचा हात तिथूनच चुकतो.

काही वेळा दोष ज्ञानाचा नसतो, बोटांचा असतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर द आणि ध एकाच कळीवर आहेत, ट आणि ठसुद्धा. शिफ्ट अलीकडे-पलीकडे दाबली गेली की शब्द बिघडतो. मजकूर संपवल्यावर चुकीची तिन्ही रूपं शोधून बदलून घ्या. एकेक शब्द नजरेने हुडकत बसलात तर एखादा निसटतोच. सामान्यरूपाकडेही लक्ष असू द्या: बद्धकोष्ठतेचा त्रास, बद्धकोष्ठतेवर उपाय. 'बद्धकोष्ठताचा' नाही.

शब्द अवघड वाटला तर मलावरोध लिहा, अर्थ तोच. मलावष्टंभही चालेल, पण तिथे ठ घुसवू नका. अवष्टंभात 'स्तंभ' आहे. स् चा ष् झाला की त्याच्या शेजारच्या त चा ट होतो.