लसूण दिवाळीपर्यंत मातीत जाऊ द्या

पुण्यात परतीचा पाऊस थांबला की घरच्या लसणाची तयारी सुरू करायला हरकत नाही. दसऱ्यानंतर ते दिवाळीपर्यंत लागवड झालेली चांगली. दिवाळी लवकर आली, तर तुळशीच्या लग्नापर्यंत चालेल. डिसेंबरात लावलेला लसूणही उगवतो, पातही बरी दिसते, पण गड्डा सुपारीएवढाच राहतो.

त्याचं कारण आपल्या थंडीत आहे. लसणाला पात वाढवायला गारवा लागतो आणि गड्डा भरायला मोठा होत जाणारा दिवस आणि ऊब. आपल्याकडे खरा गारवा नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच, आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की रोप पात सोडून गड्ड्याच्या मागे लागतं. तोवर त्याच्या अंगावर जितकी पानं असतील, तितकं त्याच्याजवळ भांडवल. उशिरा लावलेल्या रोपाची पानं तेव्हा कमी असतात, मग नंतर खत-पाण्याची कितीही सरबराई केली तरी गड्डा लहानच. महाग विकला जाणारा एकपाकळी लसूणही बऱ्याचदा असाच, बारीक पाकळी लावल्याने किंवा लागवडीला उशीर झाल्याने तयार होतो.

बियाणं निवडताना मोठ्या पाकळीच्या पहाडी लसणाला भुलू नका. अ‍ॅग्रीफाउंड पार्वतीसारख्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या जातींना गड्डा धरायला आपल्यापेक्षा मोठा दिवस लागतो. इथे त्यांची पात तेवढी मिळेल. आपल्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राच्या भीमा ओंकार (पांढरा) आणि भीमा पर्पल (जांभळट), राहुरी कृषी विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता, नाहीतर यमुना सफेद, या जाती ठीक. हे बियाणं मिळालं नाही, तर जुन्नर, आंबेगाव, खेडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून गावरान लसूण मागून घ्या. वाण्याकडचाही चालतो, फक्त घट्ट, निरोगी आणि नुकते कोंब डोकावू लागलेले गड्डे निवडा.

गड्डा लावायच्या दिवशीच फोडा. बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या लावा, आतल्या बारीक फोडणीला ठेवा. पाकळीचं साल काढायचं नाही. बुडाची चकती खाली आणि टोक वर ठेवून, वर बोटाच्या एका पेराएवढी माती येईल अशी खोचा. दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर आणि दोन ओळींत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, की चौरस मीटरला साठ-पासष्ट रोपं बसतात. सगळं नीट जमलं तर एवढ्या जागेतून किलोभर लसूण निघतो. वर्षाचा साठा होईल ही आशा सोडा.

पुण्याच्या आजूबाजूची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते, तिच्यात गड्डे वाकडे होतात. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. गच्चीवर २० सेंटिमीटर खोलीची कुंडी, ग्रो बॅग किंवा फळांचं क्रेट पुरतं. पोयटा, कंपोस्ट आणि थोडी वाळू घाला, तळाला भोकं हवीतच. रोज निदान सहा तास ऊन मिळायला हवं. पूर्व-दक्षिणेच्या बाल्कनीत जमून जातं, उत्तरेच्या बाल्कनीत या भानगडीत पडू नका. ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवरची माती फार तापते. कोंब वर येईपर्यंत वर वाळलेला पाला पसरून ठेवा.

लसणाची मुळं उथळ असतात, त्यामुळे पाणी थोडं पण नियमित द्यावं लागतं. कुंडीत बोट खुपसून बघा, पेरभर कोरडं लागलं तर द्या. तण बोटांनी उपटा, खुरप्याने मुळं तुटतात. लागवडीला साधारण महिना झाल्यावर आणि पुन्हा दीड महिना झाल्यावर मूठभर गांडूळखत द्या. दोन महिन्यांनंतर नत्राचं खत पूर्ण बंद. उशिरा युरिया टाकला की पात हिरवीगार राहते आणि गड्ड्यातल्या पाकळ्यांना जमिनीतच पुन्हा कोंब फुटू लागतात.

डिसेंबरात चार दिवस ढगाळ हवा आली की पानं रोज उलटून बघा. पांढरट ओरखडे आणि मुरडलेले शेंडे दिसले तर फुलकिडे समजा. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा. मध्ये जांभळट झालेले लांबट चट्टे म्हणजे करपा. ती पानं काढून लांब टाका, आणि पाणी बुडाशी, सकाळीच घाला.

आता पातीचं. भोगीला बाजरीच्या भाकरीबरोबर ओल्या लसणाचा ठेचा हवा म्हणून गड्ड्याच्या रोपांची पानं कापायची नाहीत. बाजूला ठेवलेल्या बारीक पाकळ्या दुसऱ्या कुंडीत दाट लावा आणि त्यांची पात पाहिजे तेवढी ओरबाडा.

लागवडीनंतर चार ते साडेचार महिन्यांनी पानं पिवळी पडून माना झुकू लागतात. तेव्हा, म्हणजे काढणीआधी पंधरा दिवस, पाणी तोडा. गड्डे ओढू नका, खुरपीने खालून उचला. धुवायचे नाहीत. पातीसकट सावलीत, वारा खेळेल अशा जागी आठ-दहा दिवस वाळवा, मग जुड्या बांधून टांगा. त्यातले सगळ्यांत मोठे चार-पाच गड्डे पुढच्या ऑक्टोबरसाठी वेगळे काढून ठेवा, आणि पावसाळ्यात त्यांना हवा लागती राहील असं बघा.