व्याख्यानं रेकॉर्ड होणारा वर्ग कसा उभारायचा आणि चालू ठेवायचा

विद्यापीठात वर्गात रेकॉर्डिंगची सोय करायची म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा निघतो. फोर-के घ्यायचा का, किती झूमचा घ्यायचा? दृक्‌श्राव्य विभागात काम करणारा माणूस म्हणून माझं सांगणं एकच असतं: कोटेशन मागवण्याआधी रिकाम्या वर्गात जा, फळ्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा आणि ऐका. चित्र अडखळलं तरी विद्यार्थी व्याख्यान ऐकत राहतो. आवाज कळेनासा झाला की दोन मिनिटांत बंद करतो.

टाळी घुमत राहिली तर आधी खोलीवर खर्च करायचा. आपले बहुतेक वर्ग म्हणजे सिमेंटचा गिलावा, गुळगुळीत फरशी, काचा आणि लोखंडी बाक. यातलं काहीच आवाज शोषत नाही. लहान वर्गांसाठीच्या अमेरिकी मानकात घुमणारा आवाज ०.६ सेकंदात विरावा आणि रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलच्या आत असावा, असं म्हटलं आहे. सहा पंखे गरगरत असताना ३५ चा आकडा विसरा, पण घुमणं नक्की कमी करता येतं. सुरुवात मागच्या भिंतीपासून करा, कारण शिक्षकांचा आवाज थेट तिच्यावर आपटून माइककडे परत येतो. कापडात मढवलेले दोन इंच जाडीचे ग्लासवुलचे पॅनेल तिथे लावा, खिडक्यांना जाड पडदे लावा. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्यांनी जवळजवळ काही होत नाही आणि आगीचा धोका मात्र वाढतो.

मग माइक. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण पंख्याची घरघर आणि खोलीचं घुमणं तेवढंच राहतं. म्हणून छताला लावलेला महागडा माइक आपल्या वर्गात हरतो आणि कॉलरचा साधा माइक जिंकतो. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मधोमध हवा. शर्टाला हे सोपं जातं. साडी किंवा ओढणी असेल तर माइक पदराखाली जातो, नाहीतर मंगळसूत्र त्याच्यावर घासतं आणि तासभर खरखर येते. मॅडमना क्लिपशी झटापट करायला लावण्यापेक्षा कानामागून येणारा हेडसेट माइक पहिल्या दिवसापासून ठेवा. बिनतारी संच घेताना २.४ गिगाहर्ट्झचा टाळा, कारण शंभर मोबाइल असलेल्या वर्गात तीच पट्टी वायफायनेही भरलेली असते. यूएचएफचा, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झच्या पट्टीवर चालणारा घ्या. आवाजात सतत ‘हम्म्’ येत असेल तर माइकला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि माइकची केबल विजेच्या वायरपासून लांबून न्या.

विद्यार्थ्यांचे प्रश्न रेकॉर्ड होत नाहीत ही सगळीकडची तक्रार. यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय यंत्राचा नाही: सरांनी प्रश्न आपल्या तोंडाने पुन्हा म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं. मागच्या बाकावरच्यांनाही तो तेव्हाच ऐकू येतो.

आता कॅमेरा, आणि त्याआधी एक हिशेब. सोळा फुटी फळा म्हणजे १९२ इंच. फुल एचडी चौकट १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे इंचाला १० पिक्सेल. दोन इंची अक्षराला २० मिळाले, छान वाचता येतं. पण गावाकडे नेटवर्क कमी असलं की तोच व्हिडिओ ३६०पी दर्जावर उतरतो, रुंदी ६४० होते आणि त्याच अक्षराच्या वाट्याला जेमतेम सात पिक्सेल येतात. वेलांटी आणि मात्रा त्यात विरघळतात. फोर-के घेऊन हे सुटत नाही. फळ्याच्या मधोमध उभी रेघ आखा, कॅमेऱ्यात डावा अर्धा आणि उजवा अर्धा असे दोन प्रीसेट, म्हणजे बटणासरशी येणाऱ्या ठरलेल्या चौकटी बसवा आणि एक अर्धा पूर्ण भरल्यावरच दुसऱ्याकडे वळायची शिक्षकांना विनंती करा. झूम ऑप्टिकल, म्हणजे भिंगाने जवळ आणणारा हवा. डिजिटल झूम अक्षरं पसरवतो, नवे तपशील आणत नाही.

एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि फोकस ऑटोवर ठेवू नका. गडद फळा बघून कॅमेरा सगळं उजळतो आणि शिक्षकांचा चेहरा पांढरा पडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर दिव्यांचे पट्टे सरकताना दिसतात. पडद्यावरची स्लाइड कॅमेऱ्याने टिपू नका. लॅपटॉपचा एचडीएमआय सिग्नल स्प्लिटरने फोडून थेट रेकॉर्डरला द्या. लांब अंतरासाठी एचडीएमआय केबल ताणत नेऊ नका, कॅट-सिक्स नेटवर्क केबलवरचा एक्स्टेंडर लावा. कॅमेरा मागच्या भिंतीवर इतका उंच लावा की चौकट पहिल्या बाकाच्या पुढे सुरू होईल. मुलं वर्गात शिकायला बसलेली असतात, त्यांचे चेहरे इंटरनेटवर जाण्याचं कारण नाही.

एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या राष्ट्रीय उपक्रमाचं काम २००३ मध्ये आयआयटी आणि आयआयएस्सीने सुरू केलं तेव्हापासून स्टुडिओत चित्रित झालेली उत्तम व्याख्यानं आपल्याला बघायला मिळतात. चालत्या वर्गात मात्र वीज जाते. रेकॉर्डर, माइकचा रिसीव्हर आणि नेटवर्क स्विच यूपीएसवर ठेवा, प्रोजेक्टर नको. ओबीएस हे मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर फाइल एमकेव्ही प्रकारात साठवा. मध्येच वीज गेली की साधी एमपीफोर फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचा तास वाचतो. नंतर ओबीएसमधूनच ती एमपीफोरमध्ये बदलता येते. जागेचा हिशेब सोपा आहे: ४ एमबीपीएसने तासाला १.८ जीबी. त्याच तासाची फक्त आवाजाची ६४ केबीपीएसची फाइल २९ एमबीच्या आसपास होते. ती प्रत्येक व्याख्यानासोबत वेगळी द्या. डेटा पुरवून वापरणाऱ्या मुलांना, एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्यांना तीच उपयोगी पडते.

यंत्रं बसवून झाल्यावर वर्गाला माणूस लागतो, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच नसतो. पहिल्या तासाआधी त्याने प्रत्येक वर्गात अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकायचं. आवाजाच्या मीटरची पट्टी हलते एवढ्यावर विसंबू नये, खरखरीनेही ती हलते. नेहमीचं बोलणं त्या मीटरवर (जिथे शून्याला आवाज फाटतो) उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहिलं पाहिजे. चार्ज झालेले सेल एका डब्यात, वापरलेले दुसऱ्यात. पावसाळ्याच्या सुट्ट्यांत लेन्सवर बुरशी धरते, म्हणून काढता येणारे कॅमेरे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

टेबलावर शिक्षकांसाठी दोनच बटणं असावीत, सुरू आणि थांबवा, आणि सगळ्यांना दिसेल असा लाल दिवा. बाजूला मराठीत छापलेला कागद आणि उचलला जाईल असा अंतर्गत फोन नंबर. एखाद्या विद्यार्थ्याची खाजगी अडचण वर्गात निघाली तर कोणालाही न विचारता रेकॉर्डिंग थांबवायचा अधिकार शिक्षकांचा आहे, हेही त्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहा.