टेकडीची वाट वाचवायची, तर आधी तिच्यावरचं पाणी उतरवा

बारा वर्षं झाली, मी रोज सकाळी पुण्यातली वेताळ टेकडी चढते. कांचन गल्लीच्या बाजूने वर जायचं, खाणीला वळसा घालायचा आणि उन्हं चढायच्या आत घरी. दर रविवारी आम्ही सात-आठ जण दोन तास वाटेवर काम करतो. इतर टेकड्यांवर फिरणारे भेटतात तेव्हा विचारतात, "आम्हालाही करायचंय, कुठून सुरुवात करू?" बहुतेकांच्या मनात झाडं लावायचं असतं. मी म्हणते, झाडांचं नंतर बघू, आधी वाट बघा.

चांगला दणकून पाऊस पडत असेल तेव्हा छत्री घेऊन वर जा. कोरड्या वाटेवर काही कळत नाही. पावसात दिसतं की वरच्या उतारावरचं पाणी एका ठिकाणी वाटेवर येतं आणि मग तिथून बाहेर पडतच नाही. वाटच त्याचा ओढा होते. मुरूम वाहून जातो, घळ पडते, पाय घसरतो. मग माणसं कडेच्या गवतातून चालायला लागतात आणि तेही गवत जातं. आमच्या उतारावर दोघं जेमतेम शेजारून जातील एवढी वाट होती. ती बारा पावलं रुंद झाली. मी स्वतः मोजली आहे.

पाणी शिरतं तिथे चुन्याची खूण करा. पाऊस उघडला की त्या जागी वाटेवर दगडांची तिरकी ओळ बसवायची. सरळ आडवी नको, तिच्यामागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारतं. साधारण पंचेचाळीस अंशांत, उताराच्या बाजूचं टोक खाली. टिकावाने चर खणा, प्रत्येक दगड दोन तृतीयांश जमिनीत जाऊ द्या, वर फक्त चार बोटं दिसली पाहिजेत. दगड एकमेकांना भिडवून फटींत मुरूम ठोकून भरा. वर उभं राहून बघा, हलला तर काढून पुन्हा बसवा. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी पाच-सहा दगड पसरा, नाहीतर तिथे नवी घळ सुरू होईल. पुढच्या पावसानंतर फावड्याने मागचा गाळ काढा. हे गाळ काढणं कुणाला आवडत नाही, पण ते चुकलं तर एका पावसाळ्यात सगळं बुजतं.

दगड आजूबाजूच्या माळावरून उचलू नका. त्यांच्याखाली विंचू असतात, पाली असतात, कधी फुरसं असतं; ते त्यांचं घर आहे. आम्ही खाणीकडचे सुटे दगड घमेल्यातून आणतो. कुठलाही दगड पहारीने आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे खालून जे निघेल ते पलीकडे जातं.

अर्थात, पहार उचलायच्या आधी जमीन कुणाची ते शोधा. एकाच टेकडीवर थोडी वनखात्याची, थोडी महापालिकेची, थोडी खाजगी अशी जमीन असू शकते. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून बघा, आणि वनजमीन असेल तर वनरक्षकांना भेटून लेखी अर्ज द्या. आमचे वनरक्षक आता स्वतःच सांगतात, या रविवारी अमुक वळण घ्या.

आडवाटा बंद करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: दोन्ही तोंडं झाका. नुसतं वरचं झाकलं तर खालून येणारा त्यातूनच वर येतो. वाळलेल्या काटेरी फांद्या पसरल्या की पुरे. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या बाहेरून आलेल्या झाडाच्या ओल्या फांद्या मात्र वापरू नका, त्या पावसात मूळ धरतात, आणि आमच्या टेकडीवर गिरिपुष्प आधीच उदंड आहे.

आता झाडं. पहिल्या वर्षी आम्ही माळावर चाळीस रोपं लावली, त्यात वड आणि पिंपळही होते. वीतभर मातीखाली काळा कातळ. मे महिन्यात नऊ उरली. त्याहून मला लागलं ते वेगळंच: खड्डे खणले त्याच गवतात चंडोल जमिनीवर घरटं करतो, आणि आम्ही त्या गवताला रिकामी जागा म्हणत होतो. कुसळी गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. मेडशिंग, सालई, मोई, गणेर जिथे आपोआप उगवलेत तिथे त्यांच्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घाला, तेवढं खूप झालं.

डिसेंबरनंतर वणव्याची भीती. गवत वाळतं आणि एक विडी पुरते. जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढणं वनखात्याचं काम. ते सांगतील तिथे विळ्याने गवत कापून द्या, स्वतःहून काही पेटवू नका. धूर दिसला की वनखात्याचा १९२६ आणि अग्निशमनचा १०१ हे दोन्ही क्रमांक लावा आणि कुठल्या बाजूने गाडी वर येईल ते सांगा. मदतीला उभं राहायचं तर अंगात सुती कपडे हवेत.

दर महिन्याला त्याच दगडावर उभं राहून तोच फोटो काढा, तारखेसह. टेकडीवरून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले, मीही चालले. पण विकास आराखड्याच्या हरकती-सूचनांची मुदत थोडी असते, आणि तेव्हा हाताशी काय आहे याला महत्त्व येतं. आमच्याकडे फोटोंची वही होती म्हणून मला एका रात्रीत हरकत लिहिता आली.

आणि सण टेकडीवरच करा. दसऱ्याला लोक सोनं म्हणून फांद्या ओरबाडतात, त्यातही पुष्कळदा आपटा समजून कांचनच. म्हणून आम्ही त्या सकाळी सगळ्यांना आपट्याखाली बोलावतो. दोन्ही पानं झाडावरच शेजारी शेजारी दाखवतो: आपट्याचं लहान, रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं. मुलं ओळखायला शिकतात, पान तोडत नाहीत, आणि सोनं म्हणून तिळाची वडी देतो. गेल्या दसऱ्याला वडीचे दोन डबे कमी पडले, यंदा चार करणार आहे.