मिनी ट्रकवर बोली लावण्याआधी: अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी तयारीची यादी

जपानहून जुना छोटा मालवाहू ट्रक, म्हणजे मिनी ट्रक, मागवायचा असेल तर सुझुकी कॅरी घ्यावा की सुबारू सांबर, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यायला हवा. आधी बघायचं ते हे, की तुम्ही राहता त्या राज्यात या गाडीला नंबरप्लेट मिळते का, आणि मिळाली तर ती कुठल्या रस्त्यावर चालवता येते. लोक नेमकं उलट करतात. जपानच्या लिलावात चकाचक पांढरा ट्रक दिसतो, किंमत बघून जीव हरखतो, आणि गाडी बंदरात उतरल्यावर डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या, खिडकीशी गाठ पडते. म्हणून तयारी कागदापासून करायची, आणि त्याच क्रमाने मी ती सांगतो आहे.

केंद्राचा नियम सोपा आहे. तयार झाल्याला २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी एनएचटीएसए या केंद्रीय वाहन सुरक्षा संस्थेच्या मानकांतून सुटते. १९८८ सालच्या कायद्याने ही वाट ठेवली. प्रदूषणाच्या बाबतीत ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेची अट २१ वर्षांची आहे, पण त्यासाठी इंजिन मूळचं आणि न बदललेलं हवं. एवढ्यावर गाडी कायदेशीरपणे देशात येते. रस्त्यावर येते असं मात्र नाही, कारण नोंदणी हा राज्यांचा विषय आहे. राज्यांच्या वाहन अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे आम्वाने, २०११ मध्ये या मिनी ट्रकना नोंदणी देऊ नये अशी शिफारस केली. पुढे अनेक राज्यांनी दारं लावून घेतली, त्यामागे ही शिफारस आहे. त्यातली काही दारं मालकांनी चिकाटीने पुन्हा उघडून घेतली. टेक्सासने एप्रिल २०२४ मध्ये धोरण बदललं, आणि मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षी आधी बंदी घालून काही महिन्यांत मागे घेतली. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमांतून सूट नाही, त्यामुळे तिथल्या मित्रांना मी या नादाला लागू नका असंच सांगतो.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, म्हणून इथलं उदाहरण देतो. इथे २०१९च्या कायद्यापासून मिनी ट्रक रीतसर नोंदता येतो, मात्र ज्या रस्त्याची वेगमर्यादा ताशी ५५ मैल किंवा कमी असेल त्यावरच तो चालवायचा. आता कायद्यातली व्याख्या नीट वाचा: इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी १३० इंचांपर्यंत, रुंदी ६० आणि उंची ७८ इंचांपर्यंत. जपानमध्ये ऑक्टोबर १९९८पर्यंत या वर्गातल्या गाडीची लांबी जास्तीत जास्त ३.३ मीटर होती, म्हणजे १३० इंचांच्या आत जेमतेम बसणारी. त्यानंतर मर्यादा ३.४ मीटर झाली, आणि १९९९पासूनचे ट्रक ३.३९५ मीटरचे, म्हणजे साधारण १३३.७ इंचांचे निघू लागले. हेच ट्रक आता २५ वर्षांचे होऊन बाजारात येत आहेत. जपानकडून आणि केंद्राकडून अडचण नाही, पण ही व्याख्या त्यांना पुरत नाही. अशा गाडीवर डोळा असेल तर बोली लावण्याआधी डीएमव्हीला चॅसी क्रमांकाचा नमुना आणि मापं कळवून लेखी उत्तर मागवा. फोनवरच्या उत्तराचा पुढच्या खिडकीवर उपयोग होत नाही.

त्याच आठवड्यात विम्याचंही बघून घ्या. जपानी गाडीला व्हीआयएन, म्हणजे अमेरिकेत लागतो तो १७ अक्षरी वाहन ओळखक्रमांक, नसतो, डीडी५१टी आणि पुढे सहा आकडे असा छोटा चॅसी क्रमांक असतो. नेहमीच्या विमा कंपनीची संगणक प्रणाली तो घेत नाही, आणि समोरचा माणूस ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणून फोन ठेवतो. जुन्या, हौसेच्या गाड्यांचा विमा देणाऱ्या कंपन्यांना हा प्रकार माहीत असतो. पण त्यांची पॉलिसी बहुधा मर्यादित वापराची असते. रोज कामावर जायला किंवा भाड्याने सामान वाहायला गाडी हवी असेल तर ते पहिल्याच संभाषणात सांगा. लपवून घेतलेला विमा अपघाताच्या दिवशी कामाला येत नाही.

वयाचा पुरावा हा पुढचा मुद्दा. जपानी कागदावर साल हेइसेइ कालगणनेत, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं, असतं. त्या आकड्यात १९८८ मिळवा: हेइसेइ ८ म्हणजे १९९६, हेइसेइ १२ म्हणजे २०००. २५ वर्षं मोजायची ती तयार झाल्याच्या महिन्यापासून, ‘मॉडेल’ वर्षापासून नव्हे. गाडीवर निर्मितीची तारीख नसेल तर २५ वर्षांपूर्वी नोंदणी झाल्याचा कागदही एनएचटीएसएला चालतो. जुन्या मिनी ट्रकच्या कागदावर पहिल्या तपासणीचं नुसतं वर्ष असतं, महिना नसतो. त्यामुळे अगदी काठावरची गाडी घेऊच नका. एखादं वर्ष जुनी घेतली की कस्टम्सशी वाद घालायची वेळ येत नाही. निर्यातीचा मूळ जपानी दाखला जपून ठेवा, लॅमिनेट करू नका, आणि त्याचं भाषांतर सही-शिक्क्याचं करून घ्या. डीएमव्ही मूळ प्रत मागते.

आता लिलाव. जपानमधल्या लिलावात प्रत्येक गाडीसोबत तपासनिसाचा कागद असतो, आणि तो वाचायला शिकणं ही या सगळ्या तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे असं मी मानतो. गाडीच्या रेखाचित्रावर अक्षरं लिहिलेली असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेली पत्र्याची लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला, डबल एक्स म्हणजे भाग बदललेला. पुढचा आकडा जितका मोठा, तितकं नुकसान जास्त. आर किंवा आरए श्रेणी दिसली तर गाडीला अपघात झालेला आहे. कामाच्या ट्रकवर ए आणि यू असणारच, त्याने बिचकू नका. एस आणि सी मात्र कुठे लिहिलंय ते बघा. हौद्याच्या कोपऱ्यात, केबिनच्या पायाशी, केबिनच्या मागच्या पत्र्याखाली आणि चॅसीवर गंज असेल तर स्वस्तातली गाडी महागात जाते. होक्काइदो आणि तोहोकूत रस्त्यावर मीठ टाकतात. तिकडचा ट्रक वरून कितीही लखलखीत असो, खालून काढलेले फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका. निर्यातदार असे फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा निर्यातदार शोधा.

कुठला ट्रक, हे थोडक्यात सांगतो. कॅरी साधा आहे, त्याचं तीन सिलिंडरचं एफ६ए इंजिन सीटखाली असतं आणि सुटे भाग सहज मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तोच सुचवतो. होंडा अ‍ॅक्टीचं इंजिन मध्ये, हौद्याखाली असतं. त्याची फोर व्हील ड्राइव्ह ‘अटॅक’ आवृत्ती चिखलात फार छान चालते. सांबरचं चार सिलिंडरचं इंजिन मागे असतं, आणि ते या सगळ्यांत सर्वांत गुळगुळीत फिरतं. शेतावर वापरायचा असेल तर डिफरेन्शियल लॉक आणि अतिमंद गिअर असलेला शेतकरी प्रकार शोधा. हे सगळे आपल्या छोट्या हत्तीपेक्षाही लहान आहेत आणि भारक्षमता ३५० किलोच आहे. ओल्या पालापाचोळ्याचं खत अर्धं घनयार्डच भरा. खडी एक घनयार्ड म्हटली की १,२०० किलोच्या वर जाते, म्हणजे ती चार फेऱ्यांत आणायची. तीनही बाजूंचे फाळके उघडतात, म्हणून उतरवायला मात्र याच्याइतकी सोयीची गाडी मी वापरलेली नाही.

पैशाचा हिशोब करताना गाडीची किंमत आणि जहाजाचं भाडं एवढंच धरू नका. अमेरिकेत प्रवासी मोटारीवर मूळ आयातकर २.५ टक्के आहे, पण ट्रकवर २५ टक्के. हा कर १९६४पासून चालत आलेला आहे, युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला त्याला उत्तर म्हणून. ३,००० डॉलरच्या ट्रकवर म्हणजे ७५० डॉलर. वर प्रक्रिया शुल्क, बंदर शुल्क, बाँड (कस्टम्सला द्यायची हमी), कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या ब्रोकरची फी आणि बंदरातून घरापर्यंतची वाहतूक. २०२५पासून आयातकराचे नियम वारंवार हलत आहेत, तेव्हा गाडी जहाजावर चढण्याआधी ब्रोकरकडून त्या आठवड्याचा आकडा लेखी घ्या. एचएस-७ (सुरक्षेचा) आणि ३५२०-१ (प्रदूषणाचा) हे दोन फॉर्म तोच भरेल, पण भरलेली प्रत तुम्ही वाचा. चॅसी क्रमांकातलं एक अक्षर चुकलं तरी पुढे डीएमव्हीत ते सुधारायला नाकी नऊ येतात. कस्टम्सचा शिक्का असलेली ७५०१ची, म्हणजे आयातीच्या नोंदीच्या फॉर्मची, प्रत मागून घ्या, नोंदणीला ती लागते. आणि निर्यातदाराला गाडी खालून वाफेने धुवायला सांगा. शेतातली माती चिकटलेली आढळली तर इथे कृषी तपासणीत गाडी अडते आणि धुलाईचा खर्च तुमच्या माथी येतो.

गाडी येण्याआधी सुटे भाग घरात हवेत. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, कॅम आणि क्रँकचे ऑईल सील, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, पंख्याचे पट्टे, इंधनाच्या नळ्या, मागच्या ब्रेकचे लायनर आणि व्हील सिलिंडर. हे सगळं चॅसी क्रमांकावरूनच मागवा, कारण एकाच वर्षात दोन प्रकारचे भाग बसवलेले असतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मारुती ओम्नीची सवय असते. ओम्नी सुझुकी कॅरीचीच भारतातली बहीण, तिचं ७९६ सीसीचं एफ८बी इंजिन आणि कॅरीचं ६५७ सीसीचं एफ६ए एकाच घराण्यातले. ओम्नीवर हात बसलेल्या माणसाला कॅरीचं इंजिन उघडताना अनोळखी वाटत नाही. तरीही सुट्टीत पुण्याहून ओम्नीचे भाग बॅगेत भरून आणू नका. घराणं एक असलं तरी मापं वेगळी आहेत.

टायमिंग बेल्ट ‘बदललाय’ असं कोणीही सांगो, केबिनमध्ये तारखेची आणि किलोमीटरची चिठ्ठी चिकटवलेली नसेल तर बदलाच. तो एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो, पण रबर वयानेही मरतं, आणि या गाड्या पाव शतक जुन्या आहेत. बेल्ट काढलाच आहे तर पंप आणि सील त्याच वेळी बदला, मजुरी दुसऱ्यांदा करायची नाही. मग इंजिन ऑईल (तीन लिटरच्या आसपास लागतं), गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं तेल, कूलंट, ब्रेक ऑईल. कार्ब्युरेटरच्या गाडीत इथल्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळ्या फुगतात आणि चिरतात. त्या सगळ्या नव्या घाला, नाहीतर तुमच्या सीटखालीच पेट्रोल गळेल. हे काम पुढे ढकलण्याजोगं नाही.

टायरबद्दल कळकळीने सांगतो. माप १४५आर१२. गावातल्या दुकानात या मापाचे ट्रेलरचे टायर मिळतात आणि दुकानदार ते बसवूनही देतो. ट्रेलरचा टायर वळणाऱ्या आणि ओढणाऱ्या चाकासाठी बनवलेला नसतो. हलक्या ट्रकचा टायर मागवा, आठवडा लागला तरी थांबा, आणि स्टेपनीही त्याच वेळी बदला. हेडलाइटही बदलावे लागतात. जपानमध्ये वाहतूक डावीकडून असल्याने तिथल्या दिव्याचा झोत डावीकडे उचललेला असतो, इथे तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नॉर्थ कॅरोलायनात आरसे, वायपर, सिग्नल, पार्किंग ब्रेक, सीटबेल्ट, स्पीडोमीटर हे सगळं चालू असणं कायद्याने बंधनकारक आहे. स्पीडोमीटर किलोमीटरचा असतो, तेव्हा ५५ मैलांच्या जागी, म्हणजे ८८ किलोमीटरवर, एक बारीक खूण करून घ्या.

चालवण्याची तयारीही करायलाच हवी. भारतात गाडी शिकलेल्यांना उजवीकडची सीट आणि उजव्या हाताशी असलेला सिग्नलचा दांडा ओळखीचा वाटेल, आणि धोका त्यातच आहे. हाताला जुनी सवय आठवते, तिच्याबरोबर रस्त्याची जुनी बाजूही. डावीकडे वळताना समोरून येणारी गाडी उशिरा दिसते, म्हणून पहिले काही दिवस शेजारी जाणता माणूस बसवा आणि रिकाम्या रस्त्यावर चालवा. या गाडीत तुमच्या गुडघ्यांपुढे फारसं काही नसतं, आणि त्या काळच्या बहुतेक ट्रकमध्ये एअरबॅग नसते. मुलांना यात बसवून भरधाव रस्त्यावर जाऊ नका, नियम परवानगी देत असला तरी. आमच्याकडे गणपतीची मिरवणूक याच ट्रकवरून निघते. मूर्ती बांधलेली आणि वेग पायी चालणाऱ्यांचा असतो, या गाडीला ते काम शोभतं.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारताच्या आयात धोरणात बसत नाही, त्यामुळे हा मार्ग तिकडे बंद आहे.

डीएमव्हीत जाताना एकच फाइल न्या. तीत निर्यातीचा मूळ दाखला, भाषांतर, शिक्क्याची ७५०१, एचएस-७, ३५२०-१, खरेदीची पावती, विम्याचं कार्ड, चॅसी क्रमांकाचा स्पष्ट फोटो आणि राज्याच्या कायद्यातल्या त्या कलमाची छापील प्रत ठेवा. खिडकीवरच्या माणसाने असा ट्रक कधी पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. त्याला कलम दाखवा, वरिष्ठांना विचारायची विनंती करा, आणि नकार मिळालाच तर कारण लेखी मागा. सगळ्या कागदांची स्कॅन केलेली प्रत घरच्या दुसऱ्या माणसाकडेही राहू द्या. नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तीच विचारणा होऊ शकते.