या चुका टाळा: कार्टूनच्या तालावर चालणारं घर

"काय करायचं ओ, टीव्ही लावल्याशिवाय खातच नाही." दोन ते पाच वर्षांचं मूल असलेल्या सोलापुरातल्या घरात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मूल किती वेळ बघतं याची चर्चा होते, पण आईबापाच्या घड्याळाकडे कोणी बघत नाही. आंघोळ अमुक कार्टून संपल्यावर, जेवण तमुक सुरू झाल्यावर, फोनवर बोलणं जाहिरातीत. अशा घरात दिवस चॅनेलवाला ठरवतो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे जेवताना टीव्ही. शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या एका घरातली दुपार बघा. तीन वर्षांचा मुलगा, शेजारी वाटी घेऊन बसलेली आई. घास तोंडात, नजर पडद्यावर, चावायचं भानच नाही. अर्ध्या वाटी वरणभाताला पन्नास मिनिटं लागतात, भात दोनदा गरम होतो. एप्रिलच्या उन्हात लाईट गेली आणि पोराने तोंड मिटलं. आईचा मोबाइल चार टक्क्यांवर. शेजारणीचा मागून आणेपर्यंत गालात साठवलेला भात घशाशी गेला आणि सगळं बाहेर आलं. आईचं जेवण चार वाजता, ओट्यापाशी उभ्यानेच. संध्याकाळी लाईट आली, पुन्हा वाटी, पुन्हा टीव्ही.

यात हट्टाचा भाग थोडाच. पडद्यात गुंतलेल्या मुलाला भूक कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. त्यात तोंड भरलेलं असताना हसू आलं की ठसका लागतो. शेंगदाणे तर अख्खे देऊच नका, चटणी बारीक कुटलेली द्या.

उपाय सोपा आहे, पण चार-पाच दिवस नेट लागतो. जेवणाआधी अडीच-तीन तास दूध, बिस्किट, चिवडा बंद, पाणी चालेल. मूल घरच्यांबरोबर पंगतीत, स्वतःचं ताट, त्यात थोडंच: पाव भाकरी आमटीत कुस्करून आणि दह्यात कालवलेली चिमूटभर शेंगाचटणी. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, खाल्लेलं असो वा नसो. दुसरा दिवस सगळ्यात अवघड जातो, कारण आजी हळूच बिस्किट देतात आणि पुढच्या जेवणाची भूक मरते. तेव्हा आजींना आदल्या रात्रीच विश्वासात घ्या. मूल आजारी असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र हा प्रयोग नको, आधी बालरोगतज्ज्ञ.

दुसरी चूक: "पाच मिनिटांत बंद करते हं." तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. गोष्ट संपली एवढं मात्र कळतं. अर्ध्यात बंद केलं की ते भोकाड पसरतं, आणि दहा मिनिटांनी तुम्ही परत लावता. म्हणजे दहा मिनिटं रडलं की टीव्ही मिळतो, हे तुम्हीच शिकवलंत. उद्या ते पंधरा मिनिटं रडेल.

म्हणून वेळ सांगू नका, भाग मोजा. "दोन भाग, मग बंद," हे लावण्याआधीच सांगायचं. 'पेपा पिग'चा एक भाग साधारण पाच मिनिटांचा असतो. केबलवर मात्र एक संपेस्तोवर दुसरं सुरू होतं, त्यामुळे केबलवरची कार्टून चॅनेलं लहानांसाठी बिनकामाची. यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करा. यूट्यूब किड्समध्ये पालकांसाठीच्या कुलपाच्या चिन्हातून टायमर लावता येतो, पण तो गोष्टीच्या मध्येच तोडतो, म्हणून दोन मिनिटं जास्तीची ठेवा. शेवटच्या मिनिटाला हातातलं काम सोडून जवळ जाऊन बसा. बटण मुलालाच दाबू द्या आणि लगेच काम द्या: शेंगा सोलणं, वाळलेले कपडे आत आणणं, तुळशीला पाणी.

एका दिवसात सगळं बंद करणारे आरंभशूर चौथ्या दिवशी दुप्पट टीव्ही लावताना दिसतात. आधी जेवणाचा सोडवा, आठवड्याने झोपेआधीचा. "केबल तुटली" ही थाप तर मुळीच नको. बाबांना क्रिकेट दिसतं, हे पोराला दिसतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कोणी बघत नसताना बातम्या चालू ठेवणं. सकाळी उठल्याउठल्या लावणं. "शहाण्यासारखा वागलास तर टीव्ही" म्हणणं, कारण त्याने टीव्हीचा भाव वाढतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडणाऱ्या गावात पोराला हिंदी कार्टूनवर सोडून देणं. मूल बोलायला शिकतं ते त्याला उत्तर देणाऱ्या माणसाकडून.

टीव्ही लावूच नका, असं नाही. घरी विड्या वळणाऱ्या बाईला किंवा तव्यावर भाकरी असलेल्या आईला तो लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून लहानांना नाहीच. तो तास तुमच्या सगळ्यात अडचणीच्या कामाला बांधा. भाकऱ्यांना पंचवीस मिनिटं लागत असतील तर पीठ मळून, परात पुढ्यात घेऊन, तवा तापल्यावर टीव्ही लावा. बहुतेक जण पीठ चाळण्याआधीच लावतात आणि ऐन भाकरीच्या वेळी मूल कंटाळून चुलीपाशी येतं.