मूळ गाव शोधायला निघताय? आधी पणजोबाचं नाव पाठ करा

नुसतं आडनाव घेऊन गावात जाऊ नका, काही उपयोग होत नाही. आम्ही नागपूरहून गाडी काढली अन् थेट आर्वीकडच्या आमच्या जुन्या गावात, पारावर बसलेल्यांना आडनाव सांगितलं तर अर्धं गाव त्याच आडनावाचं निघालं. एका आजीनं विचारलं, "पन तू कोनाचा हायेस बाप्पा?" आणि मला आजोबांच्या पुढचं नावच येईना.

म्हणून पहिलं काम घरीच. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, शक्यतो आत्याला, विचारून तीन-चार पिढ्यांची नावं लिहून घ्या आणि बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग नात्यात कोणाची कास्ट व्हॅलिडिटी झाली असेल तर त्याची फाईल मागा, खरं सांगतो अर्धं काम तिथंच होतं. कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचा दाखल-खारीज (विद्यार्थ्यांच्या नावांचं जुनं रजिस्टर), जमिनीचे जुने कागद, वंशावळ, सगळं त्यानं तहसीलच्या चकरा मारून आधीच जमवलेलं असतं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात, बरेचदा आडनाव नसतंच, नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात. पणजोबाचं नाव पाठ करा म्हणतो ते यासाठीच.

आता रूट ठरवताना, विदर्भातलं गाव असेल तर ते वर्धा नदीच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. पलीकडे अमरावती, अकोला, यवतमाळ म्हणजे वऱ्हाड, मूळचं निजामाचं, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारात सारा भरायचा. अलीकडे वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (म्हणजे चंद्रपूर), इथं मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा, ती १९५१ मध्ये गेली, त्यामुळे इकडच्या गावात मालगुजाराचा वाडा कुठं ते आधी विचारायचं आणि कागदांत बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमिनीच्या सारा-आकारणीची जुनी फाईल, मागायची. जिल्हेही फुटलेत बरं का. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात होता, वाशिम १९९८ पर्यंत अकोल्यात, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात, तर जुन्या कागदावर जुनाच जिल्हा दिसेल, घाबरू नका.

निघायचं दिवाळीनंतर. मे महिन्यात तिकडं फिरणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. पण दिवाळीनंतर कापूस वेचायला सगळे वावरात असतात, म्हणून दुपारी तहसील आणि शाळा उरकायची अन् गावात दिवस कलल्यावर जायचं. तलाठ्याकडं एकापेक्षा जास्त गावं असतात, फोन न करता गेलात तर कुलूप बघून परत याल. आठवडी बाजार कधी असतो तेही विचारा, त्या दिवशी आजूबाजूच्या गावचे म्हातारे एकाच जागी भेटतात, चार गावं फिरायचं पेट्रोल वाचतं.

मोडी लिपीतला कागद मिळाला तर तिथं डोकं लावू नका, उजेडात सरळ धरून फोटो काढा, वाचणारा नंतर शोधता येतो. गावात जाताना घरातले जुने फोटो मात्र न्याच. आमच्याकडच्या फोटोतली मागे उभी बाई आम्हाला कोणालाच माहीत नव्हती, त्या आजीनं बघितल्याबरोबर नावानिशी ओळखली.

आणि कधीकधी गावच नसतं. सातबाऱ्यावर नाव असतं पण तिथं वस्ती नाही, लोक त्याला रिठ म्हणतात. मग शेजारच्या गावात विचारायचं, रिठावरचे लोक उठून कुठं गेले, कुणाची सोयरीक कुठं झाली. एखादा गुराखी सोबत घ्या, त्याला मारुतीचा ओटा अन् विहीर कुठं होती ते माहीत असतं, आणि फुलपँट घाला, गवतात कुसळं फार असतात.